देवमाशांवर गावात व्याख्यान ठेवायचंय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

देवमासे आणि डॉल्फिन यांवर बोलायचं बोलावणं आलं, की नवा वक्ता गूगल उघडतो आणि अंटार्क्टिकाचे फोटो उतरवून घेतो. बर्फाचे कडे, पेंग्विन, शेपटी उंचावलेला हंपबॅक देवमासा. फोटो देखणे असतात, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आपल्या किनाऱ्यासमोर काय पोहतं, याबद्दल त्यांना आधी जेवढं ठाऊक होतं तेवढंच नंतरही राहतं.

म्हणून माझा पहिला आणि शेवटपर्यंतचा आग्रह: अरबी समुद्राबद्दल बोला. यात गावाचा अभिमान वगैरे काही नाही. अरबी समुद्राचं प्रकरणच वेगळं आहे. इथले बरेच देवमासे बर्फाकडे जातच नाहीत, बारा महिने याच कोमट समुद्रात काढतात. तेव्हा ध्रुवावरची गोष्ट सांगून इथल्या जनावराचं काहीच कळत नाही. खाली जे सांगतोय ते कोकण किनारा डोळ्यांसमोर ठेवून. गोव्यात किंवा पालघरकडे बोलणार असाल तर थोडे फेरफार करून घ्या.

श्रोते कोण, हे आधी ठरवा

या विषयावर एकच भाषण सगळीकडे चालत नाही. शाळा, शहरातली सोसायटी आणि मच्छीमारांची वस्ती ही तीन वेगळी व्याख्यानं आहेत.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे मच्छीमारांसमोरचं. समोर बसलेल्या तांडेलाने (बोटीच्या कप्तानाने) आयुष्यात जेवढे डॉल्फिन पाहिलेत, तेवढे तुम्ही पडद्यावरही पाहिलेले नसतात. त्यांच्यासमोर ‘डॉल्फिन म्हणजे समुद्राच्या आरोग्याचा आरसा’ असलं वाक्य टाकलंत, की मागून कुणीतरी विचारणारच, ‘आणि आमच्या जाळ्यांच्या आरोग्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. डॉल्फिन जाळ्यातले मासे ओढून खातात, जाळं फाटतं, डिझेलचा खर्च अंगावर पडतो. सुरुवातच इथून करा. नुकसान होतं हे तुम्ही स्वतःहून मान्य केलंत की पुढचा अर्धा तास लोक तुमचं ऐकतात.

मग कामाची माहिती द्या. संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य सरकार जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देतं. २०१८ च्या अखेरीस ही योजना आली. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष मिळून ती चालवतात. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतात. बऱ्याच खलाशांना योजना ऐकून माहीत असते, पण कागद कोणते आणि अर्ज कुठे द्यायचा हे माहीत नसतं. व्याख्यानाच्या आठवडाभर आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जवळच्या कार्यालयात स्वतः जाऊन अर्जाचा नमुना आणि त्या वेळचे नियम घेऊन या, झेरॉक्स काढा, वाटा. सगळ्या व्याख्यानातली हीच गोष्ट लोक घडी घालून खिशात ठेवतात.

शाळेत मुलं पाचवी ते नववीची असतील तर उत्तम. एका तासिकेत मावेल एवढंच बोला. आणि शिक्षकांना आधीच विनवा की मुलांना ‘शांत बसा’ म्हणू नका.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांचा या प्राण्यांशी संबंध येतो तो तारकर्ली, दापोली किंवा गोव्याला ‘डॉल्फिन दर्शन’च्या बोटीत बसल्यावर. त्यांना बोटीत कसं वागायचं ते सांगा. बोटवाल्याला ‘भाऊ, अजून जवळ घ्या’ म्हणून आग्रह करणारे हेच असतात. अनेक देशांच्या नियमावल्या डॉल्फिनपासून ५० मीटर आणि मोठ्या देवमाशापासून १०० मीटर अंतर ठेवायला सांगतात. कळपाच्या मधून बोट घालायची नाही, समोरून अडवायचं नाही, बाजूने समांतर आणि संथ जायचं, पिल्लू दिसलं तर मागे फिरायचं. गिऱ्हाईक म्हणून ‘लांबूनच दाखवा, घाई नाही’ असं एक वाक्य बोललं तरी बोटवाल्यावरचा निम्मा ताण जातो. त्यालाही इंजिन उगाच पळवायची हौस नसते.

वेळ आणि जागा

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी, पडवीत जाळी विणणं चाललेलं. मच्छीमारांसाठी हाच काळ बरा, फक्त पत्र्याच्या शेडमध्ये कार्यक्रम ठेवू नका. पावसाची एक सर आली की माइक असूनही शब्द ऐकू येत नाही. देवळाचा सभामंडप किंवा मच्छीमार सोसायटीचं कौलारू किंवा स्लॅबचं सभागृह बघा. लाइट जाणारच, हे गृहीत धरून लॅपटॉप आणि प्रोजेक्टरशिवायही बोलता येईल अशी तयारी ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आधीचे आठ दिवस टाळा. तेव्हा होड्या पाण्यात लोटायच्या गडबडीत कुणालाच सवड नसते.

इतर महिन्यांत सोसायटीच्या चेअरमनना विचारूनच तारीख घ्या. उधाण-भांग, लिलावाची वेळ, गावची जत्रा, क्रिकेटच्या स्पर्धा हे सगळं त्यांना पाठ असतं. मासळी विकणाऱ्या बायकांना वेगळं आमंत्रण द्या, नाहीतर सभागृहात फक्त पुरुष दिसतील. बाजारात कुठली मासळी कमी झाली, कुठली नवीन यायला लागली, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

वन विभागाच्या माणसाला बोलवायचं का, हा प्रश्न येतो. बोलवा, पण शेवटच्या अर्ध्या तासाला. खाकी कपडे पहिल्यापासून समोर असले की ‘जाळ्यात डॉल्फिन सापडतो का’ या प्रश्नावर अख्खी सभा गप्प बसते.

कुठल्या प्राण्यांची तयारी करायची

जगात देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे नातलग) मिळून नव्वदच्या आसपास जाती आहेत. त्या सगळ्या पाठ करायच्या भानगडीत पडू नका. किनाऱ्यावरच्या व्याख्यानाला पाच पुरतात.

पहिला हंपबॅक डॉल्फिन. किनाऱ्यावरून दिसतो तो बहुधा हाच. साधारण अडीच मीटर लांब, राखाडी, पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. श्वास घ्यायला वर येताना आधी लांबट तोंड बाहेर काढतो. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याच्या पट्ट्यातच तो राहतो, खाड्यांच्या तोंडाशी घुटमळतो, खोल समुद्रात सहसा जात नाही. हे त्याचं वैशिष्ट्य लक्षात ठेवा, बदलत्या समुद्राबद्दल बोलताना इथेच परत यायचंय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत हिंद महासागरातली ही जात ‘संकटग्रस्त’ आहे.

दुसरा फिनलेस पॉरपॉइज. जेमतेम दीड मीटर, गोल डोकं, पाठीवर पर नाही. उडी मारत नाही, म्हणून पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. लोकांना तो भेटतो तो बहुधा किनाऱ्यावर मेलेला.

तिसरा ब्रायड्स व्हेल. बारा-चौदा मीटरचा, गरम पाण्यातच राहणारा, तारलीसारखे छोटे मासे खाणारा. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्याला लागलेलं प्रचंड धूड याचंच होतं. मुंबईकरांसमोर बोलताना हे आठवण करून दिलं की निम्मी सभा मोबाइलमध्ये तेव्हाचा फोटो शोधायला लागते.

चौथा निळा देवमासा. ‘तो इथे?’ असं लोक विचारतातच. हो, इथे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांनी निळे देवमासे नोंदवले. त्याच वर्षी जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला एक निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि दगावला. पुढे लक्षद्वीपला कवरत्तीजवळ पाण्याखाली ध्वनिमापक ठेवले, तेव्हा त्यांत निळ्या देवमाशाचं गाणं मिळालं.

पाचवा अरबी समुद्रातला हंपबॅक देवमासा, आणि माझ्या मते सगळ्या व्याख्यानाचा नायक हाच. जगातले इतर हंपबॅक ऋतूप्रमाणे ध्रुवाकडे खायला आणि विषुववृत्ताकडे विणीला अशा हजारो किलोमीटरच्या वाऱ्या करतात. अरबी समुद्रातले करत नाहीत. त्यांना खाणं इथेच मिळतं, पिल्लंही इथेच होतात. जनुकीय अभ्यासातून दिसलं की सुमारे ७०,००० वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे राहिलेत. ओमानच्या किनाऱ्यावर केलेल्या अंदाजात त्यांची संख्या शंभराच्या आत भरली. एवढे कमी का, याचं एक उत्तर इतिहासात आहे: १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ हंपबॅक बेकायदा मारले. शंभराच्या शेजारी हा आकडा फळ्यावर लिहा आणि जरा वेळ तसाच राहू द्या.

मग लुबानची गोष्ट सांगा. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर या मादीला उपग्रहाशी जोडलेला ट्रान्समीटर लावला. ती अरबी समुद्र आडवा ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून आपल्या किनाऱ्याने दक्षिणेला थेट भारताच्या टोकाकडे गेली. नकाशावर बोटाने रेघ ओढून दाखवा. मस्कतला नोकरीला असलेला नातेवाईक कोकणात बऱ्याच घरांत निघतो, त्यामुळे दोन किनाऱ्यांमधलं अंतर लोकांना लगेच कळतं.

स्थानिक नावं आधी विचारून घ्या. डॉल्फिनला आणि पॉरपॉइजला प्रत्येक वाडीत वेगळं नाव असू शकतं. आपण छापील नाव रेटत बसलो तर लोक माना डोलावतात आणि मनात भलताच प्राणी धरतात.

बदलता समुद्र कसा सांगायचा

इथे बहुतेक नवे वक्ते एकतर घाबरवतात किंवा आलेखांचा मारा करतात. त्यापेक्षा साखळी सांगा.

मान्सूनचा वारा समुद्र घुसळतो. त्यामुळे खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. ओमानच्या किनाऱ्यावर हे सगळ्यात जोरात होतं, आपल्याकडे केरळ ते कोकण पट्ट्यात त्यामानाने कमी. क्षार वर आले की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर कोळंबीसारखे बारीक जीव आणि तारली-पेडवे, आणि त्यांच्यावर देवमासे. म्हणजे ज्या वाऱ्यावर आपली भातशेती चालते, त्यावरच हंपबॅक देवमाशाचं पोट चालतं. ध्रुवावर न जाता त्याचं भागतं ते यामुळे.

आता बिघाड कुठे होतो ते सांगा. वरचं पाणी तापलं की हलकं होतं आणि थरासारखं वर बसून राहतं. खालचं थंड पाणी वर यायला मग जास्त जोर लागतो. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पश्चिम हिंद महासागराचं उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात १.२ अंशांनी वाढलं. त्याच भागातल्या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं त्यांच्याच पुढच्या अभ्यासात आलं. हे दोन आकडे पुरे. १.२ अंश ऐकून कुणी हसलं तर अंगातल्या तापाचं उदाहरण देऊ नका, ते फार घासून गुळगुळीत झालंय. त्यापेक्षा सभेलाच विचारा: तारली पूर्वी कधी लागायची, आता कधी लागते? बांगडा किती वाव (खोलीचं माप) पाण्यात मिळतो? तारलीचा पसारा उत्तरेकडे वाढल्याचं आणि बांगडा खोल पाण्याकडे सरकल्याचं सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. तुमच्या गावातली उत्तरं त्याच्याशी जुळतील किंवा जुळणार नाहीत. जुळली नाहीत तर वाद घालू नका, लिहून घ्या.

वादळांचा विषय आपोआप निघतो. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते यांत ज्यांच्या होड्या, कौलं, नारळी-पोफळी गेल्या, त्यांना आकड्यांची गरज नाही. तरी कुणी विचारलं तर सांगा, की १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना करता अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली.

हंपबॅक डॉल्फिनचं दुखणं निराळं आहे. त्याचा पट्टा उथळ आणि अरुंद, आणि आपण जे काही समुद्रात करतो ते नेमकं त्याच पट्ट्यात: जेट्टी, बंदर, भराव, सांडपाणी, वॉटर स्पोर्ट्स, बारीक आसाची जाळी. त्याला ‘पलीकडे जा’ म्हणायची सोय नाही. पालघर जिल्ह्यात बोलत असाल तर वाढवण बंदराचा विषय निघणारच. तिथे सभा दुभंगायला एक वाक्य पुरतं. प्राणी कुठल्या खोलीत राहतो, पाण्याखाली आवाज किती लांब जातो एवढी माहिती द्या आणि ठरवायचं काम लोकांवर सोडा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पर्ससीन (थव्याला घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीच्या वादाचं असंच. तुम्ही पाहुणे आहात, पंच नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. किनाऱ्याला लागलेला प्रत्येक देवमासा ‘हवामान बदलामुळे मेला’ असं म्हणू नका. जाळ्यात अडकणं, जहाजाची धडक, आजार, पिल्लाची आईपासून ताटातूट, नुसतं म्हातारपण, कारणं पुष्कळ असतात आणि शवविच्छेदनाशिवाय सांगता येत नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा खोल समुद्रात मेलेली जनावरंही किनाऱ्याला आणून टाकतो, त्यामुळे त्या दिवसांत मुडदे जास्त दिसतात. समोरचा एखादा म्हातारा नाखवा हे जाणतो. तुमचं एक विधान फुगवलेलं निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो.

चांगलं काही घडलेलंही सांगा, पण खरं असेल तेच. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून जाणारा जहाजांचा मार्ग निळ्या देवमाशांच्या खाण्याच्या जागेतूनच जातो आणि तिथे धडका होतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. म्हणजे उपाय दर वेळी कठीणच असतो असं नाही.

सोबत काय न्यायचं

पंचवीस मीटर नायलॉनची दोरी. हिच्यापुढे प्रोजेक्टर फिका पडतो. एका टोकापासून मोजून दीड मीटरवर पांढरी चिंधी बांधा, अडीच मीटरवर पिवळी, तेरा मीटरवर लाल आणि चोवीस मीटरवर निळी. सभागृहात दोरी मावत नाही, म्हणून सगळ्यांना अंगणात काढावं लागतं, आणि तेच हवं असतं. एक मूल टोक धरून उभं राहतं, दुसरं पांढऱ्या चिंधीपाशी: हा पॉरपॉइज. पिवळीपाशी तिसरं: हंपबॅक डॉल्फिन. मग लाल चिंधी धरलेलं पोर चालत चालत दूर जातं, आणि निळीवाल्याला पार फाटकाच्या बाहेर जाऊन ‘सर, इथे थांबू का?’ म्हणून ओरडावं लागतं. दोरी ताणायला सांगा, सैल राहिली की माप चुकतं. बांधताना गाठ चिंधीची मारा, दोरीची नको. दोरीला गाठी पडत गेल्या की लांबी आखडते.

आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. निळ्या देवमाशाचा स्वर इतका खालचा असतो की माणसाच्या कानाच्या अगदी तळाशी येतो, कधी त्याच्याही खाली जातो. तो मूळ वेगात लावला तर साध्या स्पीकरमधून नुसती घरघर येते आणि सभा तुमच्याकडे बघत राहते. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने खुली ठेवलेली ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांतली काही दहापट वेगाने वाजवलेली. ती लावा, पण वेग वाढवलाय हे आधी सांगा. मोबाइलचा स्पीकर याला उपयोगाचा नाही. गावातल्या मंडपवाल्याचा मोठा बॉक्स मागून घ्या.

फोटो. इथे माझं मत जरा वेगळं आहे: कंटाळवाणे फोटो दाखवा. आपल्या किनाऱ्यावरचा डॉल्फिन सहसा उड्या मारत नाही. करड्या पाण्यावर क्षणभर एक वशिंड, एक पर, आणि संपलं. लोकांना उद्या सकाळी जेट्टीवरून दिसणार आहे ते हेच. उड्या मारणारे फोटो दाखवले तर ते हा ओळखणारच नाहीत, किंवा ‘काही दिसलं नाही’ म्हणून बोटवाल्याशी भांडतील. फोटो कुणाचाही असो, विचारून वापरा आणि खाली नाव लिहा.

बोलायचं किती

चाळीस मिनिटं बोलणं, तेवढाच वेळ प्रश्न. आधी दोरी, मग प्राणी, मग साखळी, मग कामाची माहिती. ‘हा मासा नाही, सस्तन आहे’ यात पाच मिनिटं घालवू नका: फुप्फुसं आहेत, पिल्लाला दूध पाजतो, शेपूट माशासारखी उभी नसून आडवी असते. झालं.

प्रश्न येणारच, ते हे

‘व्हेलची उलटी कितीला जाते?’ पहिला प्रश्न बहुधा हाच. हसून टाळू नका, कारण विचारणाऱ्याच्या ओळखीतलं कुणी या नादात असू शकतं. ही ‘उलटी’ म्हणजे अंबरग्रीस, आणि ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतं. माकूळ खाल्ल्यावर त्याच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती हा मेणासारखा पदार्थ साठतो. भारतात तो बाळगणं, विकणं, विकत घेणं सगळाच गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर आपोआप सापडलेला का असेना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमासे आणि डॉल्फिन येतात. मुंबई-पुण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत या प्रकरणात धरपकड झालेली आहे, आणि पकडले जातात ते बहुधा चार पैशांच्या आशेने पिशवी इकडून तिकडे नेणारे पोरगे. आणि हो, सापडणारे बरेचसे गोळे अंबरग्रीस नसतातच. मेण, चरबी, जहाजातून पडलेलं काहीबाही असतं. भाव विचारणाऱ्याला भाव सांगू नका, कलम सांगा.

‘देवमासा किनाऱ्याला लागला तर काय करायचं?’ याला सगळ्यात जास्त वेळ द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं, लोकांनी आणि यंत्रणांनी तासन्‌तास राबून त्याला पाण्यात नेलं, तरी ते परत आलं आणि दगावलं. प्रयत्नांत कुणी कसूर केली नव्हती. आईविना दूधपितं पिल्लू जगवणं जगात कुठेही अवघड असतं. हे सांगून मग काय करता येतं ते सांगा.

आधी फोन: वन विभागाचा १९२६ हा क्रमांक, आणि गावातले पोलीस पाटील. गर्दी मागे हटवा, कुत्री बांधा, सेल्फी बंद. प्राणी जिवंत असेल तर शेपूट किंवा पर धरून ओढायचं नाही. सांधे निखळतात, आतून इजा होते. अंगावर ओली चादर किंवा गोणपाट टाका, वरून पाणी घालत राहा, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा आणि त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नका. परांखाली वाळू थोडी उकरली तर त्यांच्यावरचा भार हलका होतो. ऊन असेल तर ताडपत्रीची सावली करा. शेपटीच्या टप्प्यात कुणी उभं राहू नका. पाण्याबाहेर या प्राण्याचे दोन शत्रू असतात: स्वतःचं वजन, जे फुप्फुसांवर दाबतं, आणि स्वतःच्याच अंगातली उष्णता, जी चरबीमुळे बाहेर पडत नाही. ही दोन कारणं समजली की काय करायचं हे लोकांना पाठ करावं लागत नाही.

मेलेला असेल तर हात लावायचा नाही, वर चढायचं तर मुळीच नाही. आत वायू साठून पोट फुटू शकतं, आणि रोगजंतूंचा धोका वेगळा. दात, हाड, काहीही घरी न्यायचं नाही. त्यालाही तोच कायदा लागू होतो.

‘तुम्ही मासे खाता का?’ कुणीतरी डोळे मिचकावून विचारतं. खरं काय ते सांगा. मी खातो, आणि ते सांगितल्यावर सभा जरा मोकळी होते.

कार्यक्रम झाल्यावर

आभार, नारळ, फोटो यांत अर्धा तास जातोच. पण निघण्याआधी एक काम करा. दोनशे पानी वही सोसायटीच्या टेबलावर ठेवा आणि पहिल्या पानावर रकाने आखून द्या: तारीख, वेळ, जागा, किती वाव पाणी, किती प्राणी, पिल्लू होतं का, कुठल्या जाळ्याजवळ, फोटो आहे का. नाव लिहायची सक्ती नको. जाळ्यात सापडलेल्या प्राण्याची नोंद लिहिणाऱ्याला कुणी पकडणार नाही, असं चेअरमननी सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे. ते तुम्ही सांगून उपयोग नाही. ‘आज काही दिसलं नाही’ हीसुद्धा नोंदच, तीही लिहायला सांगा. महिन्यातून एकदा पानांचे फोटो मागवून घ्या आणि त्यातल्या नोंदी मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या खुल्या संकेतस्थळावर भरा. देशभरातल्या दर्शनांच्या आणि किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांच्या नोंदी तिथे एकत्र होतात. भरल्यावर वहीत त्या ओळीसमोर बरोबरची खूण करा, म्हणजे लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं कुठे तरी पोहोचलं हे दिसतं.

वहीला पेन सुतळीने बांधून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी ते लिलावाच्या पावत्या लिहायला जातं आणि वही कोरी राहते.